शेजारचा विस्तव

राही पालवे नगरच्या कॉलेजात आली ती जुलै संपता संपता, वर्ग चांगले मुरले होते तेव्हा. यात तिची काही चूक नव्हती. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जायचं तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, एलिजिबिलिटी लागते, आणि असले कागद बैलगाडीपेक्षा सावकाश चालतात. बाकीच्या मुलींनी हॉस्टेलमधल्या खिडकीजवळच्या खाटा कधीच धरल्या होत्या. राहीला दाराजवळची मिळाली, येता-जाता सगळ्यांचा धक्का लागणारी.

पण उशिरा येण्याची तिला सवय होती. सवय कसली, त्यात ती तरबेज होती.

तिचं गाव पाथर्डीच्या पुढं. दिवाळी झाली की आईबाप गाडीत संसार टाकून उसाच्या मुलखाकडे ऊसतोडीला निघायचे, कधी श्रीरामपूरच्या बाजूला, कधी कोपरगावच्या, आणि राही त्या संसारातच बोचक्यांवर बसलेली असायची. उसाच्या पाचटाच्या कोपी, म्हणजे झोपड्या, घातल्या की तळ बसला. जवळच्या गावात शाळा असली आणि गुरुजी भला माणूस असला, तर राहीला मागच्या रांगेत बसू द्यायचे. हजेरीत नाव नाही, पुस्तक नाही, आणि अर्धं वर्ष आधीच संपलेलं. अशा वर्गात कसं बसायचं याचं या पोरीने एक शास्त्रच बनवलं होतं. भिंतीला टेकून बसायचं. कुणाला काही विचारायचं नाही, कारण विचारलं की पोरं "कोयतेवाल्याची आली" म्हणून दात काढतात. जिचं अक्षर चांगलं तिच्या पाटीवर डोळा ठेवायचा आणि जे चाललंय ते गुपचूप गिळायचं. उन्हाळ्याच्या तोंडाला गावी परतली की तिथल्या परीक्षेत ती पहिली नाहीतर दुसरी यायचीच. गुरुजींना नवल वाटायचं, आणि राहीला मिशी असती तर तिने पीळ दिला असता.

तर अशी ही मुलगी, आणि तिने धरलं काय, तर फ्रेंच! गावात लोक विचारायचे, "ही फ्रेंच म्हंजी कंच्या रोगाची डाक्तरी?" राहीची आई चांगुणा ठासून सांगायची, "बोलन्याची."

मॅट्रिक झाल्यावर राही औरंगाबादला मामाकडे राहायला गेली होती. श्रीमंतमामा तिथे पर्यटकांची गाडी चालवायचा. एका रविवारी त्याने भाचीला मागच्या सीटवर बसवून वेरूळला नेलं. गाडीत फ्रान्सहून आलेली चार माणसं होती. लेण्यात गाइड आपलं पाठ केलेलं इंग्रजी घडाघडा म्हणत होता आणि ती माणसं माना डोलवत होती, म्हणजे त्यांना काही कळत नव्हतं. त्यातली एक म्हातारी बाई राहीजवळ आली. भिंतीवरच्या कोरलेल्या बाईकडे आणि तिच्या कडेवरच्या पोराकडे बोट दाखवून तिने काहीतरी विचारलं. राहीला सांगायला पोटभर होतं. हे पोर कसं धरलंय, अगदी आमच्या तळावरच्या बाया धरतात तसं, एका हातात पोर आणि दुसरा हात कामाला मोकळा. पण भाषा नव्हती. म्हातारी जरा वेळ थांबली, हसली आणि पुढे गेली. तो रविवार राहीच्या डोक्यातून गेलाच नाही. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला तिने फ्रेंच घेतलं, त्यात मार्कही भरघोस मिळवले, आणि मग कळलं की पुढे फ्रेंच हा खास विषय घ्यायचा तर तिच्या कॉलेजात ती सोयच नाही. नगरच्या कॉलेजात होती. मग मामाच्या ओसरीवर बसून तिने सगळा बेत आखला. दोन वर्षं नगरला, फ्रेंचची पदवी, आणि पुन्हा वेरूळ. या खेपेला मागच्या सीटवर नाही, गाइड म्हणून, सगळ्यांच्या पुढे.

बेत झकास होता. फक्त तो कीर्तने मॅडमना विचारून आखलेला नव्हता.

कीर्तने मॅडम म्हणजे नगरच्या कॉलेजातलं अख्खं फ्रेंच खातं. तरुणपणी चार वर्षं फ्रान्समध्ये काढून माहेरी नगरला परतलेली, सुती साडीतली, ठेंगणी, आवाजाने मात्र भल्याभल्यांना जागेवर बसवणारी बाई. राहीचे कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिले.

"मार्क उत्तम आहेत," त्या म्हणाल्या. "पण माझी मुलं शाळेपासून फ्रेंच शिकतायत, तू एक वर्ष. दसऱ्याच्या आधी मी चाचणी घेते. तोवर बस वर्गात. चाचणीत निभावलीस तर दुसऱ्या वर्षासाठी माझी शिफारस जाईल. नाही निभावलीस तर पुन्हा पहिल्या वर्षात बसावं लागेल. चालेल?"

न चालून सांगते कुणाला? पण घरची गोष्ट मॅडमना माहीत नव्हती. तिचा बाप भीमा निघताना एसटीच्या खिडकीपाशी उभा राहून म्हणाला होता, "शिक, मी न्हाई म्हनत न्हाई. पन येक बी वरीस वाया गेलं तर हितनं पुढं न्हाई. मग आमच्या संगं तळावर चलायचं, सैपाकपानी बघायचं. तुझी आई किती दिस मोळ्या बी उचलंल आन चूल बी फुंकंल?" माणूस वाईट नव्हता. चांगुणाचं कंबरडं दुखायला लागलं होतं आणि ते त्याला बघवत नव्हतं. राहीलाही बघवत नव्हतं, म्हणून तर तिला उलटून बोलता आलं नाही.

म्हणजे दसऱ्याआधीची ती चाचणी. पार पडली तर वेरूळ, नाही तर चूल.

राहीने आपलं जुनं शास्त्र बाहेर काढलं. फ्रेंचचा वर्ग भूगोलाच्या नकाशांच्या खोलीत भरे. तिच्या आधीची मुलं पाच. दोन मुलगे कायम एका बाकावर, दोन मुली दुसऱ्या, आणि मलिका एकटी पुढच्या बाकावर. राही मागे, आफ्रिकेच्या नकाशाखाली जाऊन बसली. कुणाला काही विचारलं नाही. मामाने वाढदिवसाला घेऊन दिलेली जाडजूड डिक्शनरी उशाला घेऊन झोपली, पहाटे उठून धडेच्या धडे तोंडपाठ केले, आणि गणपती बसायच्या आत तिचे निबंध वर्गात सगळ्यांत कमी लाल शाईचे होऊन परत येऊ लागले. मॅडमनी एकदा तिची वही सगळ्यांना दाखवली. राहीने मान खाली घातली. तिला वाटलं, आता हसतील. कुणी हसलं नाही, पण ते तिने पाहिलंच नाही.

मग मॅडमनी चाचणीचं सांगितलं.

"लिहायचं काही नाही," त्या म्हणाल्या. "लिहिता तुम्हाला येतंच. दोघादोघांच्या जोड्या करा. मी विषय देईन, तुम्ही माझ्यासमोर बोलायचं. पाठ केलेलं मला लगेच कळतं, तेव्हा ती तसदी घेऊ नका."

मुलगे एकमेकांकडे बघून हसले, त्यांची जोडी झाली. त्या दोन मुलींची झाली. उरल्या मलिका आणि राही.

मलिका नगरला लागून असलेल्या भिंगारच्या खाजाभाईंची मुलगी. खाजाभाईंची भिंगारच्या बाजारात बेकरी होती, त्यांचे पाव लष्कराच्या छावणीत जायचे, आणि घरातली पाच भावंडं, गिऱ्हाइकं आणि भट्टीवरची माणसं यांच्या गलक्यात वाढल्यामुळे मलिकेला मनात एक आणि ओठावर एक ठेवणं जमतच नसे. ती उभी राहिली.

"मॅडम, मी नेहमीसारखी तुमच्याबरोबरच करते ना. ही बोलतच नाही कुणाशी. इतके दिवस झाले, माझ्या अंगावरून जाते पण 'बाजूला हो' एवढंसुद्धा म्हणत नाही. हुशार आहे, माहीत आहे. पण आमच्याशी बोलायला तिला कमीपणा वाटतो. मी काय नकाशाशी बोलू?"

वर्ग खो खो हसला. कीर्तने मॅडम हसल्या नाहीत. "मी काही दरवेळी जोडीला मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं तुम्ही ठरवा. एकटीची चाचणी मी घेणार नाही."

राही हॉस्टेलवर आली आणि दाराजवळच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली. जन्मभर ती ज्यांच्या हसण्याला भीत आली होती, ते तिला गर्विष्ठ समजत होते! हे तिच्या शास्त्रात कुठेच बसत नव्हतं. राग मलिकेचा आला, मॅडमचा आला, आणि मग जरा वेळाने स्वतःचाच आला, तो काही जाईना.

त्या रविवारी चांगुणा आली. दसरा जवळ आल्यामुळे कोयत्यांना लोहाराकडून धार लावून घ्यायला नगरला यायचंच होतं, त्यात लेकीला भेटणंही होईल असा हिशेब. फडक्यात बाजरीच्या भाकरी, ठेचा, आणि कालवण मात्र गरम पाहिजे म्हणून डब्यात निराळं. हॉस्टेलात मुलींना खोलीत स्टोव्ह ठेवू देत. राही काडेपेटी घ्यायला ट्रंकेकडे वळते तोवर आई खोलीबाहेर पडून शेजारचं दार वाजवत होती.

"पोरी, काडी हाय का गं? कालवन ऊन करायचं हुतं."

शेजारच्या खोलीतल्या शेवगावच्या मुलीने काडेपेटी दिली. राहीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई परतल्यावर ती दबक्या आवाजात म्हणाली, "आगं, काडेपेटी हाय की माझ्याकडं! तुला दिसली न्हाई व्हय?"

"दिसली की. डोळं गेलं न्हाईत माझं."

"मग?"

चांगुणा स्टोव्हला हवा भरत बसली. "तळावर कोपी टाकली की मी पयलं काय करते? तू तर जल्मापासनं बगतीस."

राहीला आठवलं. नव्या तळावर कोपी उभी राहिली की आई शेजारच्या कोपीत जाऊन विस्तव मागायची. दरवर्षी. कंबरेच्या पिशवीत काडेपेटी असताना. फुटक्या खापरावर निखारा घेऊन ती यायची आणि त्यावर पहिली चूल पेटायची. राहीला लहानपणी वाटायचं, आई काड्या वाचवते.

"काड्या वाचवायला न्हाई गं," चांगुणा म्हणाली. "आपन काय तरी मागितलं म्हंजी ती बाई उद्या आपल्याकडं मागायला येती. तिला बी लाज वाटत आसती की. नवी तीबी आसती. आपनच दार लावून बसल्यावर कोन कशाला येईल? माजलीत म्हनत्यात."

कालवण उकळतंय तोवर दार वाजलं. शेवगावची मुलगी. "मावशी, तुमच्याकडे ठेचा आहे का हो थोडा? वास इकडे आला."

चांगुणाने लेकीकडे बघितलंसुद्धा नाही. मुकाट्याने अर्धा ठेचा पानावर काढून दिला. राहीला हसू आलं आणि त्याच वेळी रडू आलं, आणि मग तिने आईला सगळं सांगितलं, चाचणीचं, मलिकेचं, नकाशाचं. आई भाकरी मोडत ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "मग जा की तिच्या दारात. भिंगार काय लंकेत हाय?"

दुसऱ्या दिवशी राही भिंगारला गेली. बाजारात बेकरी शोधायला काही लागलं नाही, वासच बोट धरून नेत होता. मलिका गल्ल्यावर बसून खारी मोजून देत होती. राहीला बघून तिचा हात थांबला.

राहीने येताना वाटेत तीनदा वाक्य जुळवलं होतं. ऐन वेळी ते भलतंच बाहेर आलं.

"तुझी डिक्शनरी देशील का? दोन दिवस?"

मलिकेने तिला खालपासून वर न्याहाळलं. नजर राहीच्या खांद्यावरच्या पिशवीवर थांबली. पिशवीतून मामाची जाडजूड डिक्शनरी चांगली बोटभर वर आली होती.

"ती तुझ्या पिशवीत काय आहे मग?"

राहीचं तोंड लाल झालं. पळून जावंसं वाटलं. पण आता पळाली असती तर थेट तळावरच्या चुलीपाशी जाऊन थांबावं लागलं असतं. म्हणून ती गिऱ्हाइकांच्या देखत तिथेच उभी राहिली आणि तिने सांगून टाकलं. कोपीचं सांगितलं, खापरावरच्या निखाऱ्याचं सांगितलं, मागच्या रांगेचं आणि "कोयतेवाल्याची" म्हणणाऱ्या पोरांचं सांगितलं. "मला कमीपणा नाही वाटत गं. मला भीती वाटते," ती म्हणाली. "बोलायला मला कोणी पाहिजे, आणि ते मागायला मला येत नाही."

खारीवाला गिऱ्हाईक पुडा घ्यायचं विसरून ऐकत होता. मलिकेने आधी त्याला वाटेला लावलं. मग तिने काउंटरची फळी उचलली.

"आमची अम्मी रोज शेजारून विरजण मागते," ती म्हणाली. "घरात दही असतं. अब्बा कायम हसतात तिला. ये आत."

त्या दिवसापासून वर्ग सुटला की दोघी भिंगारच्या बसमध्ये बसायच्या. बेकरीच्या मागच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांवर बसून फ्रेंच चालायचं. मलिका लहानपणापासून नन्सच्या शाळेत शिकलेली, तिचे उच्चार लोण्यासारखे; पण शब्द आठवला नाही की ती हात हलवून वेळ मारून न्यायची. राहीकडे शब्दांची कोठारं, पण तोंडातून काढताना प्रत्येक शब्द दगडावर आपटल्यासारखा. "तू फ्रेंच बोलतेस का भांडतेस?" मलिका म्हणायची. "मला माझ्या आईसारखं बोलता येतं, त्याला मी काय करू?" राही म्हणायची. खाजाभाई मधून डोकावून बघायचे आणि पोरींना गरम नानकटाई ठेवून जायचे. आयुष्यात पहिल्यांदा राही कुणाच्या तरी देखत चुकत होती, आणि काही आभाळ कोसळत नव्हतं.

चाचणीच्या दिवशी मॅडमनी विषय दिला: प्रवासी आणि हॉटेलची मालकीण. मलिका मालकीण, राही प्रवासी. दोघी नकाशांच्या खोलीत मॅडमसमोर उभ्या राहिल्या.

मलिकेने झोकात स्वागत केलं. खोली पाहिजे का, किती दिवस, खिडकी कुठल्या बाजूची. राहीने पहिल्या दोन उत्तरांपर्यंत मजल मारली आणि मग तिची बोलती बंद झाली. सगळे शब्द गेले. मागच्या बाकावरचा मुलगा खोकला. राहीची नजर सवयीने आफ्रिकेच्या नकाशाकडे वळली, तिथे जाऊन बसावं, भिंतीला टेकावं, संपवावं. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

राहीने नजर परत मलिकेकडे आणली. "बाई," ती फ्रेंचमध्ये म्हणाली, "मला थोडा विस्तव द्याल का?"

मलिकेच्या भुवया वर गेल्या. मग तिला समजलं. "विस्तव? कशाला पाहिजे तुम्हाला?"

"चहा करायचाय. तुम्हीही या प्यायला."

"माझ्या हॉटेलात तुम्ही मला चहा पाजणार?"

"का नाही? तुम्ही बिस्किटं आणा."

मुली फिसकन हसल्या. शब्द परत येऊ लागले, दगडांवर आपटत का होईना, पण येऊ लागले. दोघींचं बिस्किटांवरून चांगलंच जुंपलं. मॅडमनी हात वर करून थांबवलं आणि त्याही फ्रेंचमध्येच बोलल्या.

"एक मिनिट. हॉटेलात उतरलेला प्रवासी विस्तव कशाला मागेल? तुमच्याकडे काडेपेटी नाही का?"

हे पाठ केलेलं नव्हतं. हे कुठल्या धड्यात नव्हतं. राहीने मॅडमच्या डोळ्यांत बघून उत्तर दिलं.

"काडेपेटी आहे माझ्याकडे, मॅडम. पण मी इथे नवीन आहे."

कीर्तने मॅडमनी पेनाला टोपण परत लावलं. फ्रान्समध्ये त्यांनीही पहिले काही महिने कुठल्या तरी भिंतीला टेकून काढले असतील, कुणी सांगावं. मग त्या मराठीत म्हणाल्या, "उच्चार भयंकर आहेत. त्याच्यावर काम करावं लागेल, दोन वर्षं आहेत आपल्याकडे. बसा दोघी."

दोन वर्षं! राहीने ते वाक्य मनात तीनदा म्हणून बघितलं.

दिवाळी सरल्यावर पाथर्डीकडच्या गाड्या करंजीचा घाट उतरून नगरच्या रस्त्याला लागल्या. भिंगारवरूनच त्यांची वाट. राही आणि मलिका सकाळपासून रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. गाड्यांमागून गाड्या येत होत्या, भांडी, बोचकी, कोंबड्या आणि वर बसलेली पोरं. शेवटी भीमाची गाडी दिसली. तो बैलांच्या बाजूने चालत होता.

"ऱ्हायलीस म्हन की मग," तो लेकीला म्हणाला.

"ऱ्हायले, आबा."

"बरं झालं," असं म्हणून त्याने बैलाच्या पाठीवर उगीचच थाप मारली. "न्हाई तरी तुझ्या हातचं कोरड्यास खारटच हुतं."

राहीला आईकडे बघवेना. यंदाही मोळ्या आणि चूल दोन्ही त्या एका कंबरेवर. "आई, दोन वर्षं फक्त," ती चाकाला धरून म्हणाली.

"आगं, जमंल. तुझा बाप बी आता भाकरी थापायला शिकतोय," चांगुणा म्हणाली. मग तिने राहीच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीला नीट बघून घेतलं, गाडीतून खाली वाकली आणि विचारलं, "पोरी, काडी हाय का गं तुझ्याकडं?"

चांगुणाच्या कंबरेच्या पिशवीतून काडेपेटीचा कोपरा स्पष्ट दिसत होता. मलिकेने तो पाहिला. तिने ओढणीच्या गाठीतून एक कोरी काडेपेटी काढली, घरून निघतानाच बांधून आणलेली, आणि दोन्ही हातांनी वर दिली.

"घ्या ना, मावशी."

चांगुणाने पेटी उघडली, मोजक्या काड्या काढून घेतल्या आणि पेटी परत केली.

"परत येताना देते हां तुझ्या काड्या," ती म्हणाली, आणि गाडी पुढे चालू लागली.